नागूआजीला पाय दिसले होते

आप्पांच्या वर्गात दरवर्षी एकदा मारामारी व्हायची.

ते हैदराबादच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. तिथं सगळं उर्दूतून, त्यामुळं त्यांच्या विषयाला नफ्सियात म्हणत. व्याख्यान ऐन रंगात आलं की वर्गाचं दार धाडकन उघडायचं. एक शिपाई दुसऱ्याची गचांडी धरून त्याला आत ढकलायचा, मग शिव्या, कानफटात, एकानं आप्पांच्या टेबलावरचं काहीतरी उचलून दुसऱ्याच्या अंगावर धावून जायचं, आणि दोघंही तसेच भांडत बाहेर. पोरं बाकांवर उभी राहिलेली असायची. आप्पा खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आता काय पाहिलंत ते लिहा." निम्म्या पोरांच्या कागदावर सुरा असायचा. सुरा नसायचाच. आप्पांच्या चष्म्याचं घर असायचं ते. काही दिवसांनी ते पोरांना आपसात बोलू द्यायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे. आता सुरा जवळजवळ सगळ्यांच्या कागदावर यायचा, आणि एखाद्याच्या कागदावर रक्तसुद्धा. आप्पा म्हणायचे, यांतलं कुणीही खोटं बोलत नाही, हीच अडचण आहे. शिपायांना त्या दिवशी आमच्या घरी जेवण असायचं, आणि ते दोघं इतक्या मनापासून मारामारी करायचे की एकदा एकाचा दात पडला.

मी त्यांची एकुलती मुलगी, जगदेवी. आई मी लहान असतानाच गेली. आज माझं वय तेव्हाच्या नागूआजीहून जास्त आहे, त्यामुळं मी सांगते ते तपासून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. पण ही हकिगत मी चारचौघांत फारशी सांगितलेली नाही. आप्पांच्या हिशेबानं ती टिकलेली असायला हवी.

सुट्टी लागली की आम्ही गावी यायचो. गाव नळदुर्गाच्या अलीकडे, सोलापूरच्या सडकेपासून थोडं आत. नाव सांगत नाही. तिथं अजून माणसं राहतात आणि त्यांतली काही माझी आहेत. आमची लिंगायताची भाऊकी, थोडी शेती, थोडा भुसार व्यापार, घरात बोलायला मराठी आणि भांडायला कानडी. घरात असायची नागूआजी. ती आप्पांची आत्या. तरुणपणी विधवा होऊन लेकराला घेऊन माहेरी आली होती. आप्पांची आई बाळंतपणात गेली, तेव्हा तिनं आपल्या ईरण्णाला एका मांडीवर आणि आप्पांना दुसऱ्या मांडीवर घेऊन वाढवलं. आप्पा शिकून प्रोफेसर झाले, ईरण्णा शेतात राहिला. दोघांत भावाभावांसारखी माया होती, आणि बांधावरून तशीच भांडणंही.

आप्पांना म्हाताऱ्या माणसांचं वेड होतं. म्हातारपणी आठवण कुठून झिजते आणि कुठं शाबूत राहते, हे त्यांना शोधायचं होतं. प्लेगच्या साली काय झालं, मोठ्या दुष्काळात काय खाल्लं, हे ते एकेकाला विचारायचे आणि पुढच्या सुट्टीत तेच पुन्हा विचारायचे. गावाला वाटायचं की विसरभोळे मास्तरच आहेत. म्हातारे करवादायचे, "सांगिटलं की मागल्या खेपंला." आप्पांना हवं होतं तेच, गोष्ट कुठं कुठं बदलते ते. त्यांचं म्हणणं असं होतं की म्हातारं माणूस काल काय जेवलं ते विसरतं, पण जे एकट्यानं पाहिलं आणि फारसं कुणाला सांगितलं नाही, ते तसंच्या तसं सांगतं. दुसरं म्हणजे, घरात बसवून विचारलं तर "आठवत न्हाय" म्हणणारा माणूस त्याच विहिरीच्या काठावर, त्याच बांधावर नेऊन उभा केला की आपसूक बोलायला लागतो. म्हणून आप्पा वाकलेल्या म्हाताऱ्यांना बैलगाडीत घालून भर उन्हात रानोमाळ हिंडवायचे. त्यांच्या सुना आप्पांना मनातल्या मनात शिव्या घालायच्या, आणि त्यात चूक काही नव्हतं.

आणि मग आमच्याकडचं रडणं. माणूस गेलं की पाहुण्या बायका भेटायला येतात. आलेली बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडते, हेल काढून रडते आणि रडता रडता विचारते, कसं झालं गं, कोण होतं गं जवळ, काय म्हणाला गं जाताना. घरच्या बाईनं ते सगळं पहिल्यापासून सुरात सांगायचं. ही उठली की दुसरी येते, आणि तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. सांगणारी अडखळली की आलेली शब्द पुरवते. आप्पांनी यावर उर्दूत एक निबंध लिहिला होता. झोपेत गेलेल्या माणसाचे शेवटचे शब्दसुद्धा महिन्याभराच्या रडण्यानंतर तयार होतात, असं त्यात होतं. मी तो वाचून हसले होते.

सत्तेचाळीस साल सरता सरता हैदराबादेत राहणं अवघड झालं. रस्त्यावर रझाकारांच्या कवायती, रोज कुणाचं ना कुणाचं डोकं फुटल्याची बातमी. आप्पांनी लांबलचक रजा काढली आणि आम्ही गावी आलो. गाव सुरक्षित असेल असं त्यांना वाटलं. यावरून मानसशास्त्राची काय ती किंमत करा.

चैत्रात रझाकार आमच्या गावात आले. भर दुपारी, एक मोटार आणि काही घोडी, तोंडाला फडकी बांधलेली. मी आणि आप्पा त्या दिवशी नळदुर्गाच्या बाजाराला गेलो होतो. परत येताना लांबूनच कडब्याच्या गंजींचा धूर दिसला. ईरण्णा सरहद्दीपलीकडच्या छावणीतल्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्या लोकांना भाकरी पोचवतो असा त्यांना संशय होता. संशय खरा होता. त्यांनी त्याला घरातून ओढून अंगणात आणलं आणि तलवारीनं मारलं. एका घावात झालं नव्हतं. ते अंगणातल्या मातीवर वाचता येत होतं, तो कुठं पडला, कुठवर सरपटला, कुठं थांबला. शेजारी आणखी दोघांना भोसकलं होतं. आमच्या बैलाला उगाचच मारलं होतं, तो अजून जिवंत होता आणि पाय झाडत होता.

नागूआजी घरात कणगीच्या मागं लपली होती. आम्ही तिला बाहेर काढलं तेव्हा तिचे केस जोंधळ्याच्या धुळीनं पांढरे झाले होते. आप्पांनी तिला पाणी दिलं. त्या वेळी घरात आम्ही तिघंच होतो.

"काय दिसलं, आत्या?"

"पाय दिसले रे रामू. पायच. बूट व्हते, नाल मारलेले. उंबऱ्यावर कडाकडा वाजले. तोंड न्हाय दिसलं कुनाचं. माजं पोर वरडत व्हतं आन म्या मान खाली घातली व्हती. मान खाली घालून बसले रे म्या."

हे तिचं पहिलं सांगणं. ते तिघांनी ऐकलं, तिनं, आप्पांनी आणि मी.

दुसऱ्या दिवशी ईरण्णाला माती दिली आणि बायका यायला लागल्या. सुरुवातीला नागूआजी पायांचंच रडायची. मग कुणी तरी विचारलं, बोलणं कसलं होतं गं. ती म्हणाली, दखनी होतं. मग कुणी म्हणालं, माहितगार असल्याबिगर घर कसं घावलं. नळदुर्गाची एक पाहुणी गळ्यात गळा घालून म्हणाली, "उंच व्हता का गं मेला, तुमच्या लाडल्यावानी?"

लाडलेसाब आमच्या गावचा पिंजारी. गावातली प्रत्येक गादी, प्रत्येक उशी त्यानं भरलेली. आमच्या ओसरीवर बसून तो कापूस पिंजायचा, दाढी पांढरी होईपर्यंत, आणि नागूआजी त्याला ताक द्यायची. रझाकारांनी त्याला एकदा जबरदस्तीनं कवायतीला नेलं होतं. तिथून तो पळून आला, पण नेलं होतं एवढं गावाच्या लक्षात राहिलं.

महिन्याभरात नागूआजीच्या रडण्यात लाडलेसाब उंबऱ्यात उभा राहिला. मग त्याच्या हातात तलवार आली. मग त्याच्या तोंडावरचं फडकं सरकलं आणि तो तिच्याकडं बघून हसला. ती हे सांगायची तेव्हा तिच्या अंगावर खरोखर काटा यायचा, मी हात लावून पाहिलेला आहे. आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली. तिच्या रडण्यातून मान खाली घातल्याचं गेलं होतं. पोर मरत असताना आपण मान खाली घातली, हे कुठल्या आईला रोज सुरात सांगवेल? त्यापेक्षा आपण पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, हे बरं.

बाहेर ओट्यावर बंडप्पा हे ऐकत बसायचा. बंडप्पा आमच्या भाऊकीतला, ईरण्णाचा जिवाचा दोस्त. शिकायला म्हणून वर्षभर हैदराबादेत आमच्या घरी राहिला होता, आप्पांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. नापास होऊन परत आला.

मी आप्पांना म्हणाले, "तिला थांबवा. तिनं तोंड पाहिलेलं नाही."

"जगू, तिचं पोर गेलंय. तिला रडू नको म्हणू?"

आमच्याकडे दुःखातल्या बाईचं रडणं कुणी मधे तोडत नाही. ते पाप मानतात. आप्पांना एरवी पापाबिपाचं काही नव्हतं, पण आत्यापुढं तेही गावचेच होते. शिवाय मला आणखी एक दिसत होतं. ते कान देऊन ऐकत होते. आजच्या सांगण्यात नवं काय आलं, हे टिपणारा त्यांचा चेहरा मला पाठ होता. मला त्यांची चीड आली ती तेव्हा, आणि ती अजून गेलेली नाही.

भाद्रपदात सोलापूरकडून हिंदुस्थानचं लष्कर आलं. सडकेनं रणगाडे गेले, दिवसभर जमीन हादरत होती. रझाकार पळाले. बूट घालून जे आले होते ते सगळे पळाले. मागं राहिले ते अनवाणी होते.

गावानं आधी गुलाल उधळला, देवळात घंटा वाजवली. मग कुऱ्हाडी काढल्या. आजूबाजूच्या गावांतून पुन्हा धूर दिसायला लागला, या खेपेला दुसऱ्या घरांचा. सकाळीच आमच्या गावच्या मशिदीतल्या म्हाताऱ्या मुल्लाला दाढी धरून ओढत नेलं आणि दगडानं ठेचलं. तो आंधळा होता. त्याला कुणीकडून मार येतोय तेही कळत नव्हतं.

लाडलेसाब आमच्या मागच्या दारानं आत आला. बायकोमुलांना त्यानं आधीच अक्कलकोटाकडं तिच्या माहेरी पाठवलं होतं. त्याच्या अंगाला घामाचा आणि कापसाचा वास येत होता.

"मास्तर, आजी माजं नाव घेतीया म्हनं. ईरण्णाला म्या खांद्यावर खेळवलाय, मास्तर. तुमी सांगा त्यान्ला."

मी आप्पांना म्हणाले, गाडीत घाला, वर कडबा टाका आणि ओढ्याच्या अंगानं काढून द्या. गाडी होती, बैल आणता आला असता, ओढा घरामागंच होता. मी हे इतक्या वेळा बोलून दाखवलंय की शेवटी आप्पा माझ्यासमोरून उठून जायचे.

आप्पा म्हणाले, "पळाला तर नाव पक्कं होईल. उद्या ते त्याच्या लेकरांमागं जातील. आत्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की संपलं. तिचंच नाव घेऊन तर हे मारायला निघालेत."

त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. आयुष्यभर जे शिकवलं ते एकदा तरी कामाला येईल, असं त्यांना वाटलं असणार. ते लाडलेसाबला हाताला धरून सोप्यात नागूआजीपुढं घेऊन आले, आणि दाराबाहेर बंडप्पा आणि त्याच्यामागं सगळी आळी येऊन उभी राहिली.

नागूआजी लाडलेसाबला बघून थरथरायला लागली. आप्पांनी तिला काही विचारलं नाही. तिला उठवलं, कणगीमागं नेलं, ती त्या दिवशी जशी बसली होती तशी बसवली. ती आपणहून आणखी आत सरकली, डोकं खाली घातलं, दोन्ही हात कानांवर नेले. कुणी शिकवलं नव्हतं, तिचं अंगच तसं वळलं. लाडलेसाबला त्यांनी उंबऱ्यात उभं केलं.

"आता काय दिसतंय, आत्या?"

मग कणगीमागून तिचा आवाज आला, रडण्यातला नाही, रोजचा.

"पाय दिसत्यात."

"कसले?"

"भेगाळलेले. उघडे हायती." मग ती म्हणाली, "ह्ये न्हवंत रे. बूट व्हते. नाल मारलेले. तोंड म्या बघितलंच न्हाय. म्या मान खाली घातली व्हती रामू, म्या कुठनं बघू?"

आणि ती हमसून रडायला लागली. तिच्या तोंडून ते मान खाली घालणं पुन्हा आलं होतं. आप्पा दाराकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं होतं, खोटं कशाला सांगू.

बंडप्पा शांतपणे म्हणाला, "म्हातारीचं वय झालंया."

"बंडू, तू आत्ता ऐकलंस."

"ऐकलं की. आन मास्तर, तुमीच शिकवलं न्हवं का वर्गात, मानसाच्या आठवनीचं काय खरं नसतं म्हनून? त्यात ही म्हातारी. आज एक बोलती, उद्या एक."

कालपर्यंत तिचा शब्द देवाचा होता. तिनं नाव घेतलं तेव्हा तिचं वय कुणाला दिसलं नाही. नाव मागं घेतल्याबरोबर ती म्हातारी झाली. मागून कुणी तरी ओरडलं, चळ लागलाय तिला, आणि गर्दी आत घुसायला लागली.

आप्पा दारात आडवे उभे राहिले. बंडप्पानं त्यांना कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, खांद्यावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते खाली पडले तरी त्यांनी बंडप्पाचा पाय धरून ठेवला, तेव्हा दुसऱ्या कुणी त्यांच्या हातावर लाथा घातल्या. नागूआजी कणगीमागून रांगत आली आणि तिनं लाडलेसाबचा सदरा पकडला. "ह्यो न्हवं, ह्यो न्हवं," एवढंच ओरडत होती. तिला उचलून भिंतीकडं फेकली. सदरा तिच्या मुठीत राहिला.

त्याला गावाबाहेरच्या पडक्या बारवेवर नेलं. मी मागं धावत गेले. तो वाटेत प्रत्येकाला नावानं हाका मारत होता. प्रत्येकाला ओळखतच होता तो, प्रत्येकाच्या घरची गादी त्यानं भरली होती. ज्याला हाक मारी तो जास्त जोरानं मारी. बारवेच्या काठावर त्याला बसवून बंडप्पानं कुऱ्हाड घातली, मग बाकीच्यांनी, आणि काहींनी तो हलायचा थांबल्यावर. मग आत ढकलला. नंतर गावानं ती बारव दगडमातीनं बुजवली.

लष्करामागून चौकशीला एक अधिकारी आला. गाव म्हणालं, लाडलेसाब? तो सोलापूरला पळाला. आप्पांनी हात गळ्यात बांधून सगळं सांगितलं, बारव दाखवली. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं आणि जीप पुढच्या गावाला गेली. त्याला अशी बरीच गावं होती.

त्यानंतर आमच्या घरी कुणी यायचं बंद झालं. आमची गंज पेटवली. एकदा आप्पांना ओढ्यात गाठून मारलं, कपाळ फुटलं. आप्पा थांबले नाहीत. पारावर कुणी म्हणालं की लाडलेसाब सोलापूरला गिरणीत आहे, की ते उभं राहून सांगायचे, नाही, त्याला बारवेवर मारला, मारणारे हे आणि हे. गाव त्यांना वेडा म्हणायला लागलं. मी म्हणायचे, आप्पा, पुरे आता, माणूस तर परत येणार नाही. ते म्हणायचे, "मी गप्प बसलो तर वर्षाभरात तो खरंच सोलापूरला गेलेला असेल."

वर्षही लागलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बंडप्पा आमच्याच दारासमोर कुणाला तरी सांगत होता, लाडलेसाब निघाला तेव्हा मीच त्याला वाटेला भाकरी बांधून दिली, ज्वारीची, वर मिरचीचा ठेचा. मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होते. त्यात चोरटेपणा नव्हता. त्याला ती भाकरी दिसत होती. माणसाला याहून भयंकर काही करता येतं असं मला वाटत नाही.

नागूआजी झपाट्यानं विसरत चालली. भिंतीवर आपटल्यापासून तिचं डोकं दुखायचं. आधी आजचा दिवस गेला, मग साल गेलं. कधी ईरण्णाला जेवायला हाक मारायची. ओट्यावर बसवलं की येणारेजाणारे तिला सांगत, आजी, लाडल्या सोलापूरला हाय, मजेत हाय. आप्पा घरात आले की पुसून टाकायचे, नाही आत्या, तो गेला. ती घाबरायची. थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. दोन बाजूंनी चाललेल्या या ओढाताणीत ती बाई पिळून निघाली.

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर हुसेनबी आली, लाडलेसाबची बायको. उन्हानं रापलेली, पायांवर धूळ, हातांत हिरव्या बांगड्या. बाजारात कुणी तरी तिला सांगितलं होतं की तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत आहे. ती मुलांना आईकडं टाकून सोलापूरला गेली होती, पाळी सुटायच्या वेळी गिरण्यांच्या फाटकांवर उभी राहत होती.

"हर एक का मुँह देखी मैं, मास्टरसाब," ती म्हणाली. "मिलेच नै. गिरनी का नाम मालूम है क्या तुमना? गाँव में सब बोल रैं, हैं बोलके. तुम तो पढेलिखे हैं, तुम बोलो."

नागूआजी आतून भिंत धरत आली. "लाडल्याची बायकू न्हवं का गं? बस की. सोलापूरला हाय त्यो. मजेत हाय."

हुसेनबीचा चेहरा उजळला. ती आप्पांकडं वळली.

आप्पांनी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, चैत्रातली दुपार, बायकांचं रडणं, नाव कसं आलं, त्यांनी स्वतः लाडलेसाबला ओढ्यानं काढून न देता उंबऱ्यात कसं उभं केलं, आणि बारव. काही वगळलं नाही, स्वतःचंसुद्धा. हुसेनबीनं पदर ओढून बांगड्या झाकल्या आणि ऐकत राहिली. ती रडली नाही. तिला हे माहीत होतं आणि नव्हतं, दोन्ही.

नागूआजी मन लावून ऐकत होती, दुसऱ्या गावची गोष्ट ऐकावी तशी. आप्पा थांबल्यावर तिनं विचारलं,

"आन ती म्हातारी कोन रे? तोंड बघितलं न्हाय आन नाव घेतलं तिनं. आसली कसली बाई?"

हुसेनबीनं आप्पांकडं बघून मान हलवली, नको म्हणून. मी ते पाहिलं, आप्पांनीही पाहिलं. पण ज्या गोष्टीसाठी खांदा मोडून घेतला ती त्यांना आता मधेच सोडता येईना.

"तू, आत्या," ते म्हणाले.

तिला कळलं. त्या दिवशी तिचं डोकं नको तितकं स्वच्छ होतं. तिनं भिंतीवर कपाळ आपटायला सुरुवात केली, एकदा, दोनदा, आम्ही धरेपर्यंत रक्त आलं. हुसेनबीनं तिला मागून कवळा घालून खाली बसवलं आणि आपल्याच पदरानं तिचं कपाळ दाबून धरलं. दुपारभर ती तशीच बसून होती. मग म्हातारीला झोप लागली आणि हुसेनबी निघायची म्हणून ओट्यावर जाऊन बसली.

दिवेलागणीच्या आत नागूआजी जागी झाली. कपाळाला हात लावून म्हणाली, "पडले का काय रे म्या?" मग इकडंतिकडं बघून, "रामू, लाडल्या दिसला न्हाय रे लई दिसात. गेला कुटं?"

आप्पा तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी तिच्या कपाळावरच्या फडक्याकडं पाहिलं. जे वाक्य खोडता खोडता ते मार खाऊन आले होते, ते वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

"सोलापूरला आहे, आत्या. गिरणीत."

"बरंय का त्याचं?"

"बरंय."

तिनं डोळे मिटले. दार उघडं होतं आणि ओट्यावर हुसेनबी होती.

मी बाहेर आले तेव्हा ती गाठोडं घेऊन सडकेला लागली होती. मी दोन भाकरी बांधून तिच्यामागं पळाले. तिनं भाकरी घेतल्या, डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि म्हणाली, "बाबा कू बोल बेटी, मैं कुछ सुनीच नै बोलके."

मी घरी येऊन निरोप दिला. आप्पा खाली मान घालून बसले होते.

"ऐकलंय तिनं," ते म्हणाले.